बिनतुपाची आगारी

रोज सकाळी तोंड धुऊन झालं की चुनीलालला ओट्यावर उजेडात येऊन उभं राहावं लागे. तीस वर्षांचा बाप्या, अंगापिंडानं असा की त्याच्या एका सदऱ्यात कळसाडी गावातली दोन माणसं सहज मावतील. आणि त्याची आई, तापीबाई, टाचा उंचावून त्याच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून बघायची. आधी उजवा डोळा, मग डावा.

"माय, काय देखस वं रोज रोज?"

"काही नही. चूप उभा ऱ्हाय."

पांढरं दिसलं की ती पदरानं अंगठा पुसायची आणि म्हशीकडे वळायची. तेवढा दिवस मिळाला म्हणायचा. दुसऱ्या सकाळी पुन्हा तोच अंगठा, तीच पापणी.

या भीतीला कारण होतं. चार वर्षांमागं तिच्या थोरल्याचे, शांतीलालचे, डोळे असेच एका सकाळी हळदीच्या पाण्यासारखे दिसले. मग पोट पखालीसारखं फुगलं, हातापायांच्या काड्या झाल्या. शहाद्याहून आणलेल्या वैद्यानं नाडी बघितली आणि सांगितलं, तूप बंद, गूळ बंद, मीठ बंद, तांदळाच्या पेजेवर ठेवा. एकविसाव्या दिवशी शांतीलाल गेला. त्याची बायको पहिल्या बाळंतपणातच गेलेली, मागं रडायला आई आणि धाकटा भाऊ तेवढे. जायच्या आदल्या दिवशी त्यानं तिच्याकडे शिरा मागितला होता. "वाटीभर दे वं माय, तुपना." वैद्याच्या धाकानं तिनं दिला नव्हता. वर लोकांची जीभ. पोट फुगून मरतो तो पिणाराच, असं तिरडीमागं चालणारे कुजबुजले. ज्यानं जन्मात मोहाची दारू हुंगली नाही, त्याच्याविषयी.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. तापीबाईचं तोंड पेजेनं पोळलं होतं. पोरगा भुकेनं मेला, ही गाठ तिनं मनाशी मारली आणि पेज, पथ्य, उपास या तिन्ही शब्दांना घराबाहेर हाकलून दिलं. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, तो काळ आता दुसऱ्या पोरावर टपलाय असं तिला रात्रंदिवस वाटे. त्याला दारातून परतवायचा तिच्याजवळ एकच उपाय होता. तुपाची बरणी.

आणि बरणीला तोटा नव्हता. घरी चार म्हशी, सात एकर ऊस, स्वतःचं गुऱ्हाळ. पाक कधी उतरवायचा हे चुनीलालला जिभेवर कळायचं. पळीवर घेतलेला पाक पाण्यात सोडायचा, गोळी करून तोंडात टाकायची, की लगेच, "उतारा!" दिवसाला पाच कढया, आणि दर कढईला पाच-सहा गोळ्या, मध्ये रसाचे लोटे, गरम काकवी. गावातले म्हणायचे, पोरगा बाळसं धरतोय. तापीबाई लगेच मीठमोहऱ्या ओवाळायची, दृष्ट लागू नये म्हणून. दृष्ट तिचीच लागत होती, पण ते सांगणार कोण?

त्या दिवाळीत, महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षीची दिवाळी ती, आंघोळीच्या पाटावर बसलेल्या चुनीलालला ती तेल लावत होती. आपल्याकडे पोरगा कितीही मोठा झाला तरी दिवाळीचं पहिलं तेल आईच्या हातचं. पाठ झाली, खांदे झाले, हात पोटावर आला. उजव्या बरगडीखाली तिची बोटं थबकली. आत काहीतरी होतं. उंबरठ्याच्या कडेसारखं, गुळगुळीत आणि टणक. मऊ चरबीखालून ते बोटांना लागत होतं.

ही कड तिच्या ओळखीची होती. शांतीलालच्या पोटाला एरंडाचं पान शेकून बांधताना हीच कड लागली होती.

"काय व्हयनं माय?"

"काही नही. तेल थंडं शे."

तिनं कोणाला सांगितलं नाही. सांगितलं की खरं होतं, असं तिला वाटलं. मन चिंती ते वैरी न चिंती. त्या दिवसापासून तिनं चुनीलालच्या ताटातलं तूप दुप्पट केलं, आणि सकाळी पापणी ओढताना अंगठा जास्तच जोरानं दाबू लागली.

माघात गुऱ्हाळ भर रंगात आलेलं असताना चुनीलाल कढईखालच्या चुलवणापाशी उभ्या उभ्या झोकांडला. बाज्या, चुलवणात उसाची चिपाडं घालायला सातपुड्यातून आलेला गडी, त्यानं दंड धरला म्हणून. नाही तर उकळत्या कढईतच गेला असता. घरी आणला तर म्हणे, महिना झाला, असंच होतंय, चार पावलं चाललं की गळून जायला होतं, उजवीकडे जड जड वाटतं. बायकोला, रंजनाबाईला, त्यानं एवढं सांगितलं आणि ती भुईवरच बसली.

रंजनाबाई एरवी सासूसमोर वर बघून बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. "आत्याबाई, चिंचपाडाना दवाखानामा लई जाऊत. मन्हा भाऊना मोडेल पाय तठेच जुळना."

पाय जुळवणारा पोटात काय बघणार, असं तापीबाईच्या ओठावर आलं होतं. पण बोटांना ती कड अजून जाणवत होती. "मीबी येस," एवढंच ती म्हणाली.

बैलगाडीनं प्रकाशा, नावेनं तापी ओलांडून पुढं नंदुरबार, तिथून आगगाडी. पाण्यात नाव असताना तिनं तापीमाईला खण बोलला. वाटेत खायला म्हणून डबाभर गुळपापडीही घेतली होती. निम्मी चुनीलालनं नंदुरबारच्या फलाटावरच संपवली.

मिशनच्या दवाखान्यातले डॉक्टर आपल्याकडचेच, पन्नाशीचे, हळू बोलणारे. त्यांनी चुनीलालला आडवं केलं, उजव्या बरगडीखाली बोटं खुपसली, मोठा श्वास घ्यायला लावला, ती कड बरगडीपासून किती बोटं खाली आलीय ते मोजलं. चार. मग सहज विचारावं तसं विचारलं, "दारू किती घेता?"

तापीबाई अशी उसळली की बाहेरच्या बाकावरच्या बायका आत डोकावल्या. "दारू? मन्हा घरमा सात पिढीमा कोणी थेंब लिधा नही! थोरलानीबी नही, हाऊबी नही!"

"रागावू नका आई. विचारावं लागतं." डॉक्टरांनी कागद ओढला. "मग खातात काय, ते सांगा."

हे तर तिच्या अभिमानाचं. ती सावरून बसली. "सकायले दूध-भाकर, वरथून तुपनी धार. मंग गुऱ्हायवर रसना दोन-तीन लोटा. काकवी. दुपारले वरण-पोयी, नको म्हणस तवलोंग तूप, आनि तो नको म्हणतच नही. संध्याकायले खिचडी, तुपमा बुडेल. त्यावर गूयना खडा."

डॉक्टर लिहीत होते ते मध्येच थांबले.

"आई, काळजात चरबी साचलीय," ते म्हणाले. "हृदय नव्हे, हे पोटातलं काळीज, लिव्हर. खाल्लेलं सगळं आधी इथं येतं. तूप तर आहेच, पण गोड फार झालं की शरीर त्याचीही चरबीच करतं. ती साठून साठून काळीज फुगतं. बरीच वर्षं तसंच राहिलं तर ते वाळतं, कडक होतं, आणि मग पोटात पाणी, डोळे पिवळे. दारूनं होतं हे सगळ्यांना माहीत आहे. दारूशिवाय झालेलंही मी बघितलंय."

पोटात पाणी, डोळे पिवळे. तापीबाईनं पदर तोंडात धरला.

"अजून वेळ गेलेली नाही. यावर माझ्याकडे बाटली नाही, सुई नाही. जेवण हेच औषध. तूप बंद, गूळ बंद, रस, काकवी बंद. ज्वारीची भाकर, मुगाचं वरण, पालेभाजी, ताक. पोटभर खा, उपाशी राहायचं नाही. आणि रोज कोस दीड कोस चालायचं. दोन महिन्यांनी दाखवा."

रंजनाबाईनं सगळं कानांनी प्यायलं. तापीबाईला मात्र बंद, बंद, बंद एवढंच ऐकू आलं. शहाद्याचा वैद्यही याच चालीत बोलला होता. पोटभर खा म्हटलेलं तिच्या कानापर्यंत पोचलंच नाही.

घरी चुलीचा ताबा रंजनाबाईनं घेतला. भाकर, मूग, मेथी, ताक. चुनीलाल ताटाकडे असा बघायचा की जणू कोणी उष्टं वाढलंय, पण खायचा. दीड कोस चालून यायचा. तीन आठवड्यांत धोतराची गाठ सैल झाली, गालफडं बसली. रंजनाबाईला ते बघून बरं वाटे. तापीबाईला ते बघवत नसे. शांतीलालचंही आधी तोंडच उतरलं होतं. पहिल्या आठवड्यात गाल, दुसऱ्यात दंड, तिसऱ्यात आवाज. तिनं मनात मोजायला सुरुवात केली. एकविसावा दिवस आला तेव्हा तिनं दिवसभर चुनीलालला नजरेआड होऊ दिलं नाही. बाविसाव्या दिवशी तिचा धीर सुटला.

गुऱ्हाळावर चिपाडांचा ढीग असतो, घराएवढा उंच. त्याच्या मागं ती पदराखाली वाटी घेऊन गेली. गरम काकवी, तिच्यावर बोटभर तूप.

"खाय ले भाऊ. घरमा सांगू नको."

चुनीलालनं वाटीकडे बघितलं, मग आईकडे. "रंजनाले समजनं ते?"

"समजू दे. तिन्हा डाक्टर तुले उपाशी मारी टाकी."

त्याला फार समजवावं लागलं नाही. आईची आज्ञा आणि जिभेची ओढ एका बाजूला आल्यावर माणूस कशाला मागं राहतो? वाटी चाटूनपुसून स्वच्छ झाली. रोजचं ठरलं. बायकोच्या हातची भाकर घरी, आईच्या हातची वाटी ढिगामागं. महिन्यात गाल पुन्हा भरले. रंजनाबाई कोड्यात पडली. तापीबाई कित्येक दिवसांनी सुखानं झोपली. आपण काळाला फसवलं, असं तिला खरोखर वाटलं.

चैत्रात ते पुन्हा चिंचपाड्याला गेले. डॉक्टरांनी बोटं मोजली. पुन्हा मोजली.

"सहा," ते म्हणाले. मग चुनीलालचा पाय घोट्यापाशी दाबला. बोट काढल्यावर तिथं खळगा राहिला. "सूज आलीय. हे चांगलं नाही."

रंजनाबाईला रडूच फुटलं. "देवनी आण, डाक्टरसाहेब, मी थेंबभर तूप दिधं नही! गूयना खडाबी नही!"

चुनीलाल छताकडे बघत पडून राहिला. डॉक्टर वळले ते सरळ तापीबाईकडे. आवाज चढवला नाही, नुसतं बघत राहिले. त्या बघण्यापुढं ती टिकली नाही. चिपाडांचा ढीग, वाटी, सगळं बोलून गेली. वर म्हणाली, "मन्हा थोरला पेजवर मरी गया साहेब. एकवीस दिनमा. शिरा मांगा, मी दिधा नही. याले कशी उपाशी ठेवू?"

डॉक्टर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. "थोरल्याचं पोट किती दिवसांत फुगलं?"

"वैद येवाना आधीच फुगेल व्हतं."

"डोळे?"

"पिवळेच व्हतात."

"म्हणजे पेज सुरू व्हायच्या आधीच." डॉक्टर म्हणाले. "आणि त्याआधी, चांगला होता तेव्हा, तो काय खायचा?"

तापीबाईनं सवयीनं सुरुवात केली. "सकायले दूध-भाकर, वरथून तुपनी धार. मंग गुऱ्हायवर रसना दोन-तीन लोटा. काकवी. दुपारले वरण-पोयी, नको म्हणस तवलोंग..."

तिचा आवाज तिथंच थांबला.

दवाखान्याच्या खिडकीबाहेर कोणी बाई लेकराला झोपवत होती. तापीबाई डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होती. मग तिनं विचारलं, "मीच मारं का साहेब, मन्हा पोऱ्याले?"

"आई, तुम्हाला ठाऊक नव्हतं," डॉक्टर म्हणाले.

नाही, असं ते म्हणाले नाहीत. हे तिच्या लक्षात आलं.

"याचं मात्र तुमच्या हातात आहे," ते पुढं म्हणाले. "आणखी दोन बोटं वाढलं, की माझ्या हातात काही उरणार नाही."

परतताना नावेत तापीला खण वाहायचा राहून गेला. घरी येताच तिनं तुपाची बरणी रंजनाबाईपुढं ठेवली आणि सांगितलं, "हाई तुन्हा ताबामा." एवढं बोलायला तिला सगळं सासूपण गिळावं लागलं.

पण आता खरं दुखणं चुनीलालच्या जिभेचं होतं. खोड आईनंच लावलेली, आणि लावलेली खोड मागायला दारात उभी राहतेच. डॉक्टरपुढं त्याला घाम फुटला होता, खरं आहे, पण घाम वाळतो. रामनवमीला गुळाच्या ढेपांच्या खोलीत तोंड हलवताना रंजनाबाईनं त्याला पकडला. वर त्यानं जाहीर करून टाकलं, "आखाजीले मी कोणं ऐकाव नही. वरीसना सण शे. पुरणपोयी आनि तूप, पोटभर."

तापीबाई त्याच्यापुढं येऊन बसली. तिनं विनवलं, शपथा घातल्या. तो हसून म्हणाला, "माय, तूच ते खावाडं ना!" बरणी दिली तरी तिचे हात बरबटलेलेच होते. रोज सकाळी ती पापणी ओढून बघायची, आणि आता तिला पांढऱ्यातही पिवळं दिसायला लागलं होतं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खानदेशात या सणाला जिवंत माणसांआधी मेलेली जेवतात. मातीची घागर भरायची, तिच्यावर खरबूज ठेवायचं, आणि दुपारी चुलीतले निखारे काढून त्यांच्यावर पितरांच्या नावानं घास टाकायचा. तीच आगारी. पुरणपोळीचा तुकडा, आणि त्यावर तूप. तुपाचा भडका उठला की पितर जेवले. तो उठेपर्यंत घरात कोणी घासाला हात लावत नाही.

घरात पुरण शिजलं होतं. तापीबाईची शेजारी राहणारी जाऊ, बेबीबाई, हाताखाली आली होती. चुनीलाल आंघोळ करून पाटावर बसला, निखाऱ्यांसमोर. त्याच्या ताटात दोन पोळ्या, आणि त्यानं स्वतः उठून आणलेली तुपाची वाटी. रंजनाबाई दाराआड डोळे पुसत होती.

तापीबाई शांतीलालचं ताट घेऊन बाहेर आली. ज्वारीची भाकर. मुगाचं वरण. मेथीची भाजी.

बेबीबाईनं तोंडावर हात मारला. "आवं, हाई काय? सणना दिन पितरले भाकर? आनि तूप कोठे शे?"

"तूप नही."

"बिनतुपनी आगारी पेटस का वं? पोऱ्या उपाशी परत जाई!"

तापीबाईनं ऐकलं नाही. ती निखाऱ्यांसमोर बसली, भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि निखाऱ्यावर ठेवला. भडका कसला उठतो? ओला तुकडा चुरचुरला, आणि काळा धूर निघाला. तिनं फुंकणी घेतली आणि फुंकायला लागली. धूर सगळ्या ओट्यावर पसरला. फुंकता फुंकता ती बोलत होती, जेवायला बसलेल्या पोराशी बोलावं तशी.

"खाय ले, शांतीलाल. खाय ले बापा. हाई मी तुले तवयच वाढाले पाहिजे व्हतं. तू चांगला व्हतास तवय. मले समजनं नही रे. मी तूप वाढत गयू. मी तुन्हा हातपाय देखात, गाल देखात, पोटमा काय व्हई ऱ्हायनं, ते देखं नही."

तिला ठसका लागला. तुकडा अजून जळाला नव्हता. तिनं पुन्हा फुंकणी तोंडाला लावली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, धुराचं किती आणि बाकीचं किती, कोण सांगणार?

चुनीलालनं आईला रडताना पूर्वी बघितलं होतं. शांतीलालच्या वेळी ती आकांत करून रडली होती. पण असं मेलेल्या माणसाला भाकर खा म्हणून विनवताना त्यानं कोणालाच बघितलं नव्हतं. त्याचा हात वाटीवर होता. तो काढून त्यानं उजव्या बरगडीखाली नेला, पहिल्यांदाच, स्वतःहून. बोटं चाचपत राहिली आणि एका जागी थांबली.

"माय," तो म्हणाला. आवाज लहान पोरासारखा झाला होता. "हाईच व्हतं का भाऊना पोटमा?"

तापीबाईनं फुंकणी खाली ठेवली. हो म्हणून मान हलवली.

निखाऱ्यावरच्या भाकरीनं अखेर पेट घेतला. करंगळीएवढी ज्योत आली, निळसर, आणि लगेच गेली. बेबीबाई म्हणाली, जेवला वाटतं.

चुनीलालनं आपलं ताट पुढं सरकवलं, वाटीसकट. "मले बी तेच वाढ."

तापीबाईनं शांतीलालच्या ताटातली उरलेली भाकर उचलली, मोडली आणि त्याच्यापुढं ठेवली. मग वरण वाढलं. तो खायला लागला. ती उठली, त्याच्याजवळ वाकली आणि सवयीनं त्याची पापणी अंगठ्यानं खाली ओढली. धुरानं सगळ्यांचेच डोळे लालभडक झाले होते. तिला काहीच कळेना. ती तशीच बघत राहिली, आणि तो तसाच खात राहिला.